माळ्यावरचा सरंजाम

गेल्या दिवाळीच्या सुमारास माझ्या एका स्नेह्यानें आपला तंबू विकला. तंबूबरोबर पाठपिशवी, झोपण्याची उबदार पिशवी, चालतांना टेकावयाच्या दोन काठ्या, लहानशी चूल, घोट्यावर येणारे बूट, असा वीस वर्षांत जमविलेला सारा सरंजाम त्यानें आठ दिवसांत निकालांत काढला आणि आलेले पैसे मुकाट्यानें बँकेंत टाकले. ही वार्ता आमच्या गडकोट हिंडणाऱ्या मंडळींत पसरली तेव्हां जो हाहाकार उडाला, तो एकादा सोबती कड्यावरून घसरला असता तरी उडाला नसता. एकजण म्हणाला, "गडी संपला." दुसऱ्यानें "पैशाची एवढी काय नड होती त्याला?" असा प्रश्न केला; पण त्याच्या सुरांत प्रश्नापेक्षां कींवच अधिक होती. तिसऱ्यानें, हे गृहस्थ आमच्यांतले तत्त्वज्ञ, असा सिद्धान्त मांडला कीं, ज्या वस्तूंनीं आपल्याला सह्याद्रि दाखविला त्या विकणें म्हणजे देव्हाऱ्यांतले टांक मोडींत घालण्यासारखें आहे. मीहि त्या बैठकींत मान डोलाविली होती, हें प्रथमच कबूल करतों.

या तिघांचाहि सरंजाम माळ्यावर आहे. तो तेथें किती वर्षें पडून आहे तें त्यांच्या घरच्या मंडळींस विचारावें. माझाहि माळ्यावरच होता. आज मात्र माझें म्हणणें त्या बैठकीच्या अगदीं उलट आहे. विकणारा तो एकटाच आमच्यांत प्रामाणिक निघाला. आणि न वापरलेली वस्तु जपून ठेवण्याला निष्ठा म्हणण्याची जी चाल आमच्या सुशिक्षित घरांत पडली आहे, ती निष्ठेची नसून लबाडीची आहे. शिवाय या लबाडीची किंमत बहुधा आपण देत नाहीं. दुसराच कोणी तरी देतो. हें शेवटचें विधान मीं कशाच्या आधारावर केलें तें पुढें येईलच.

आधीं खरेदीविषयीं. हौशी मनुष्य हें सामान कां घेतो, असें विचारलें तर वडील माणसें जाहिरातींकडे बोट दाखवितात. जाहिरातींचा दोष आहेच. पण आंत मुळींच कांहीं नसतां नुसत्या जाहिरातीनें कोणी पांच हजारांचे बूट घेत नाहीं. खरें कारण मला निराळें दिसतें. मुंबईंतल्या नोकरदाराजवळ पैसा थोडाफार असतो, वेळ मुळींच नसतो. त्याच्या मनांत गंभीरगडावर जावयाचें आहे असें समजा. २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत जाऊं लागल्या, तेव्हां हा मुलूख कांहीं परका राहिला नाहीं. तरीहि पहांटेची गाडी धरून डहाणूस उतरावें, तेथून चारोटी, कासा, सायवन असें करीत व्याहाळीच्या पाड्यावर पोंचावें, आणि मग सव्वादोन हजार फुटांच्या आसपास उंची असलेला तो डोंगर चढून उतरावा, याला दोन मोकळे दिवस हवेत. ते दिवस त्याच्या वर्षाच्या रजेंत कोठेंच सांपडत नाहींत. कारण रजा आईच्या दुखण्याला, भाचीच्या लग्नाला आणि मुलाच्या परीक्षेला आधींच वाटून दिलेली असते. पण गुरुवारीं संध्याकाळीं कचेरींतून येतांना दुकानांत अर्धा तास घालविण्याची मुभा त्याला आहे. डोंगराला रजा लागते, दुकानाला नुसता पैसा पुरतो. म्हणून जो रविवार त्याला मिळत नाहीं त्या रविवारची पिशवी तो विकत घेतो. पिशवी पाठीवर चढवून आरशासमोर उभें राहिलें कीं क्षणभर तरी आपण व्याहाळीच्या वाटेवर आहों असें वाटतें, आणि त्या क्षणाची किंमत त्यानें मोजलेली असते. मी याला हंसत नाहीं. असे क्षण मींहि विकत घेतले आहेत.

हंसूं येतें तें पुढच्या पायरीवर. गंभीरगडासाठीं म्हणून घेतलेली झोपण्याची पिशवी उणे दहा अंशांच्या थंडीची असते. डहाणूच्या किनाऱ्यावर ऐन पौषांतहि पारा दहा अंशांखालीं क्वचितच उतरतो. त्या पिशवींत शिरलेला मनुष्य तेथें मध्यरात्रीं घामानें जागा होतो आणि बाहेर येऊन सतरंजीवर निजतो. तलासरी तालुक्यांतला बल्लाळगड तर टेकडीच; पण त्यालाहि दोन्ही हातांत काठ्या घेऊन निघालेले वीर मीं पाहिले आहेत. आपल्याजवळ जें हत्यार आहे त्याच्या तोलाचा शत्रु आपण शोधीत नाहीं. जो समोर येईल त्याच्यावरच तें उपसतों.

याचा अर्थ पूर्वीं सारें छान होतें असा मात्र कोणी घेऊं नये. १९९१ च्या आधीं परदेशी साहित्य इकडे सहसा मिळतच नसे. त्या काळीं मंडळी कापडी बूट, शाळेचीं दप्तरें आणि घरचीं कांबळीं घेऊन डोंगर चढत. भिजलेल्या कांबळ्याखालीं काढलेल्या रात्रीचे गोडवे गाणारांनीं ती रात्र बहुधा काढलेली नसते. मात्र त्या टंचाईंत एक गोष्ट चांगली होती. हिमालयांत जाणारांना जें चांगलें साहित्य मिळे तें पुष्कळदां काठमांडूच्या थामेल पेठेंत, परतणाऱ्या मोहिमांनीं विकून टाकलेलें असे. विकणारा नुकताच शिखरावरून उतरलेला, घेणारा शिखराकडे निघालेला. मधें माळा नव्हता. १९२८ सालीं स्थापन झालेल्या हिमालयन क्लबनें सभासदांना मोहिमेचें साहित्य वापरावयास देण्याची सोय केली, तिच्या मुळाशींहि हाच विचार होता कीं, एकाचें काम झालें कीं वस्तु दुसऱ्याच्या पाठीवर चढावी. त्या वेळीं ज्यानें साहित्य विकलें त्याला "संपला" असें कोणी म्हणत नसे.

मग आमच्याच घरांत विक्रीचा एवढा तिटकारा कां? कारण जुनें आहे. मध्यमवर्गीय कुटुंबांत घरांतली वस्तु विकण्याची पाळी येणें म्हणजे घर बुडणें. आपण रद्दी विकतों, कारण ती वस्तु नव्हे. जुने कपडे बोहारणीला देतों, पण त्याला विक्री म्हणत नाहीं, त्या बदल्यांत भांडें घेतों. बाकी सारें माळ्यावर जातें. त्यांतून डोंगराचा सरंजाम हा नुसती वस्तु नसतो. तो स्वतःला दिलेला शब्द असतो. पितळेची परात विकतांना "आतां पंगती उठावयाच्या नाहींत" एवढेंच कबूल करावें लागतें. तंबू विकतांना "आतां मी जाणार नाहीं" असें मोठ्यानें म्हणावें लागतें, आणि तेंहि पुष्कळदां पस्तिशींत. तें म्हणण्याचें टाळावें म्हणून तंबू राहतो. त्याला दर दिवाळींत खालीं काढून, धूळ पुसून, पुन्हां वर ठेवण्यांत येतें. या विधीला आमच्या घरांत "पुढच्या वर्षीं बघूं" असें नांव आहे. माझ्या स्नेह्यानें गुन्हा केला तो इतकाच कीं, त्यानें तो विधि मोडला आणि वाक्य उच्चारलें. त्याचे गुडघे गेले आहेत. आमचेहि गेले आहेत.

यावर आमचे तत्त्वज्ञ विचारतील, ठेवली वस्तु तर कोणाचें काय बिघडलें? येथेंच मला गंभीरगडावरची हकीकत सांगणें भाग आहे.

त्या बैठकीनंतर महिन्याभरानें, मार्गशीर्षांत, आम्ही चौघे गंभीरगडावर गेलों. व्याहाळीकडून वाट दाखवावयास एक वारली तरुण मिळाला; एरवीं तो तलासरीकडे बांधकामावर मजुरीला जातो. त्याच्या अंगावर सदरा, कमरेला लाकडी खोबणींत अडकविलेला कोयता, आणि पायांत झिजलेल्या रबरी चपला. माझ्याजवळ पिशवींत एक जास्तीचा बुटांचा जोड होता. आठ वर्षांपूर्वीं हिमालयाच्या एका सहलीसाठीं घेतलेला. सहल झाली नाहीं, आणि जोड खोक्यांतल्या खोक्यांत राहिला. विकलेल्या तंबूची चर्चा ताजी होती. आपण विकीत नाहीं, देतों, हें दाखविण्याची मला हौस आली असावी. बूट त्याच्या पायांत बसले. त्यानें ते दोनदां पाहिले, मान हालविली, आणि चपला घरीं ठेवून आला.

अर्ध्या वाटेवर, जेथें गवत संपून खडक लागतो तेथें, डाव्या बुटाचा तळ सुटला. उसवला असें नव्हे. त्याचा मधला थर शिळ्या भाकरीसारखा भुगा होऊन गळूं लागला. दहा मिनिटांनीं उजव्याचें तेंच झालें. त्यानें दोन्ही बूट काढले, नाड्यांची गांठ मारून खांद्यावर टाकले आणि अनवाणी पुढें चालूं लागला. वाळलेलें गवत, कांटे आणि तापलेला दगड यांतून तो वर गेला आणि तसाच खालीं आला. माझ्या दानापूर्वीं त्याच्या पायांत निदान चपला तरी होत्या. वर टाक्यापाशीं बसलों असतां त्यानें एकच विचारलें, "सायब, तुमी ह्ये कधीं घातलेच नांय ना?" त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. सुताराला लांकूड ओळखूं यावें तसें त्याला तें ओळखूं आलें होतें. आमच्यांतले दोघे हंसले. उतरल्यावर तो आमच्याबरोबर कासापर्यंत आला; तेथें मीं त्याला नव्या चपला घेऊन दिल्या. त्यानें त्या घेतल्या, आणि पैसे मजुरींतून कापून घ्या म्हणाला.

मागाहून मीं चौकशी केली. बुटाच्या तळाचा तो मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो; हवेंतल्या दमटपणानें त्याची घडण आंतून सुटत जाते. वापरांतल्या बुटापेक्षां खोक्यांत कोंडलेल्या बुटाला हा रोग लवकर लागतो, असें बूट बनविणारेच सांगतात. तंबूच्या कापडाला पाणी अडविणारा जो लेप असतो त्याचेंहि तसेंच. घडी घालून ठेवलेला तंबू कांहीं वर्षांनीं आंतून चिकट होतो आणि त्याला आंबूस घाण येते. दुर्बिणीच्या आणि कॅमेऱ्याच्या भिंगांवर बुरशीचे बारीक तंतु चढतात, तेहि अंधाऱ्या बंद पेटींत. विजेरींत राहिलेले सेल पाझरून तिला खाऊन टाकतात. मुंबईपासून डहाणूपर्यंतच्या आमच्या या दमट पट्टींत माळा हें जपण्याचें ठिकाण नसून कुजण्याचें आहे. "ठेवली तर काय बिघडलें" याचें उत्तर हें. वस्तु बिघडली, आणि ती बिघडली आहे हें दुसऱ्याच्या पायाखालीं कळलें.

कोणी म्हणेल, त्या लोकांना अनवाणी चालण्याची संवयच असते, बुटांचें एवढें काय? हें बोलणारे लोक पायांत बूट घालून बोलतात. डहाणू-तलासरीच्या गवतांतून आणि भातखाचरांतून हिंडणाराला सर्पदंशाची धास्ती बारमाही असते, आणि दंश बहुधा पायालाच होतो. अनवाणी चालणें हें तेथें तत्त्वज्ञान नाहीं; गरिबी आहे. ज्या मुलुखांत १९४५ सालीं झरी गांवीं जमून वारल्यांनीं वेठबिगार नाकारली, त्या मुलुखांत जाऊन या लोकांच्या गरजा किती थोड्या याचें कौतुक करणें आम्हांला शोभत नाहीं. वाटाड्याला वस्तूंची पारख नाहीं असेंहि कोणी समजूं नये. चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा भरते. वाघाडीचा पुजारी रात्रीं डोंगर चढून सुळक्यावर ध्वज लावतो, आणि खालीं बाजार मांडलेला असतो. त्या बाजारांत उभें राहून पाहावें. पात्याला धार धरते कीं नाहीं हें नखावर पाहिल्याखेरीज कोयता कोणी उचलीत नाहीं, आणि चैत्रांत घेतलेली वस्तु मृगाच्या आंत कामाला लागते. पळसाच्या पानांचें इरलें करणें कष्टाचें, प्लास्टिकचा कागद स्वस्त. म्हणून त्यानें इरलें टाकून कागद घेतला. त्याबद्दल हळहळ वाटते ती आम्हांला, कारण दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगण्यासाठीं आम्हांला तें हवें असतें.

दुसरा आक्षेप अधिक सोज्वळ आहे. विकावें कशाला, देऊन टाकावें. पैशाचा विटाळ नको. मला तर त्या दिवसापासून दानाचीच धास्ती वाटूं लागली आहे. दान देतांना आपण वस्तु तपासत नाहीं. तपासण्याची गरज नाहीं हेंच दानाचें सुख. धर्माच्या गाईचे दांत मोजूं नयेत असें आपण घेणाराला शिकवितों. पण देणारानें तरी ते कधीं मोजले होते? मीं त्या बुटांचे दोनशें रुपये मागितले असते तर त्या तरुणानें तळ वांकवून पाहिला असता, शिवण ओढली असती, वास घेतला असता, आणि माझ्या तोंडावर "हे नको" म्हणाला असता. फुकट मिळाले म्हणून तो गप्प बसला. विक्रींत घेणाराला बोलण्याचा हक्क असतो आणि विकणाराला उत्तर द्यावें लागतें. हा हक्क आम्ही भिडेखालीं बुजवितों आणि त्याला औदार्य म्हणतों.

आमच्या तत्त्वज्ञांचा देव्हाऱ्याचा दृष्टान्त अजून शिल्लक आहे. त्यालाहि डहाणू तालुक्यांतच उत्तर आहे. बोर्डीजवळच्या डोंगरांत बाहरोटच्या गुहा आहेत. संजाण पडल्यावर पारशी मंडळी आपला पवित्र अग्नि घेऊन त्या गुहांत बारा वर्षें राहिली, अशी परंपरा आहे. १५९९ सालीं रचलेल्या "किस्सा-ए-संजान" या काव्यांत ती सांगितलेली आहे. तोच अग्नि पुढें फिरत फिरत उदवाड्यास स्थिर झाला. आतां, तो अग्नि त्यांनीं राखला म्हणजे काय केलें? पेटींत घालून वर ठेवला नाहीं. रानांतून लांकूड आणून त्याला रोज घातलें. राखणें या शब्दाचा आमच्या भाषेंत तरी हाच अर्थ आहे. गुरें राखतात, शेत राखतात, तेथें रोज जावें लागतें. टांकांनाहि रोज पाणी, गंध, फूल लागतें. ज्या देव्हाऱ्याला कोणी हात लावीत नाहीं त्याला आमच्या आजीबाई देव्हारा म्हणत नसत. माळ्यावरच्या तंबूला निष्ठेचें नांव द्यावयाचें असेल तर निदान दर पावसाळ्यानंतर तो उघडून गच्चीवर उभारावा आणि एक रात्र त्यांत निजावें. ज्यांना तेवढें जमतें त्यांच्याशीं माझें भांडण नाहीं.

विकणारे सारे साधु असतात असेंहि नाहीं. दर सहा महिन्यांनीं जुनी पिशवी विकून नवी घेणारा, आणि नव्या पिशवीचें वजन जुनीपेक्षां किती तोळे कमी भरलें याचा हिशोब ठेवणारा एक वर्ग आहे. त्याचा डोंगर म्हणजे मोबाइलवरचा जुन्या वस्तूंचा बाजार; तो त्यांतच चढतो आणि उतरतो. शिवाय कांहीं वस्तु विकूंच नयेत. कड्यावर चढण्याचा दोर, कमरेचा पट्टा, डोक्याचें शिरस्त्राण यांच्यावर आघात झाला असेल तर तो डोळ्यांना दिसतोच असें नाहीं. चांगल्या गिर्यारोहण संस्था प्रत्येक दोराची वही ठेवतात. केव्हां घेतला, कितीजण त्यावर पडले, हें तींत लिहिलेलें असतें. दोर मुळींच वापरला नसला तरी दहा वर्षांवर तो ठेवूं नये असा बहुतेक कारखानदारांचा दंडक आहे. निवृत्त केलेल्या दोराचे तुकडे करतात, कीं चुकूनहि कोणाचा जीव त्याच्यावर टांगला जाऊं नये. "एकदांच वापरला आहे हो" असें म्हणून असला दोर अनोळखी मुलाला विकणारा मनुष्य माझ्या स्नेह्याच्या पंक्तींत बसत नाहीं.

यंदाच्या चैत्रांत मीं माझा माळा उतरविला. तंबू घ्यावयास महाविद्यालयांतले दोन विद्यार्थी आले. त्यांनीं तो दिवाणखान्यांतच उलगडला, आंत शिरले, कापडावर बोट ओढलें, आणि "लेप सुटायला लागलाय, काका," असें म्हणून मी सांगितलेल्या किंमतीच्या चौथाईवर आले. त्यांचें बरोबर होतें. मीं तेवढ्यालाच दिला. पुढच्याच रविवारीं ते अशेरीगडावर गेले आणि तंबूला कोठें ठिगळ मारावें लागलें तें मला कळविलें. काठ्या शेजारच्या आजोबांनीं सकाळच्या फिरण्यासाठीं घेतल्या. झोपण्याची पिशवी लडाखला निघालेल्या एका मुलीनें नेली. आतां ती पिशवी पहिल्यांदाच आपल्या योग्यतेच्या थंडींत उघडेल. चूल सर्दलेली निघाली, ती भंगारांत गेली. दुर्बिणीच्या आंतल्या भिंगावर बुरशी चढली आहे. ती उघडून साफ करण्याचे जे पैसे दुरुस्ती करणारानें सांगितले तेवढ्यांत दुसरी येईल, आणि साफ केल्यावरहि डाग राहतीलच, असें तो म्हणतो. तिला अजून गिऱ्हाईक मिळालें नाहीं. आमच्या तत्त्वज्ञ मित्रानें ती आठवण म्हणून मागितली आहे. मीं दिलेली नाहीं.